केशगळती : उपचारांची तुलना

डोक्यावरचे केस नेहमीपेक्षा अधिक गळणे, विरळ होणे किंवा चकत्यांनी जाणे. आयुर्वेदातील संज्ञा खालित्य व इंद्रलुप्त. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असते. कारण कळल्याशिवाय उपचारांची तुलना व्यर्थ.

मोठा ताप किंवा बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात पुंजके येऊ लागतात. ही गळती बहुधा सहाएक महिन्यांत आपोआप थांबते. त्या काळात जे तेल चोपडले, त्याला श्रेय मिळते. चाईत रुपयाएवढी गुळगुळीत चकती पडते. तिथे स्टेरॉइडची इंजेक्शने देतात, पुष्कळदा केस आपणहूनही येतात. २०२५च्या आरंभी शेगाव तालुक्यातील (जि. बुलढाणा) काही गावांत लोकांचे केस काही दिवसांतच गळाले, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. अशा वेळी तेल-शाम्पू बदलून काय होणार?

वाईसारख्या कृष्णाकाठच्या गावी घरगुती उपाय म्हणजे माका (भृंगराज). पाटाकडेला, ओलसर बांधावर तो आपसूक उगवतो. फूल पांढरे, बारीक. देठ चुरडला की रस काळा पडतो; केस काळे होण्याची समजूत त्यावरूनच पडली असावी. रस खोबरेलात घालून तडतड थांबेपर्यंत कढवतात. या तेलाने केस मऊ राहतात, तुटणे कमी होते; आनुवंशिक टकलावर मात्र त्याचा भरवसा धरू नये.

त्या टकलावर खरी तुलना दोन औषधांची. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी; ती घेणाऱ्यांच्या अंगावर लव वाढू लागली, म्हणून लावायचे औषध निघाले (अमेरिकेत मान्यता १९८८). पहिले काही आठवडे गळती वाढते आणि नेमके तेव्हाच बरेचजण बाटली ठेवून देतात. गुण दिसायला किमान चार महिने लागतात. फिनास्टराइडची १ मिग्रॅ. गोळी (१९९७) पुरुषांसाठी आहे; ती टकलाला कारणीभूत संप्रेरक घटवते, पण काहींची कामेच्छा मंदावते. गर्भवतीने फुटलेली गोळी हाताळू नये. दोन्ही औषधे बंद केली की मिळवलेले केस जातात. केसरोपणात डोक्यामागचे केस पुढे लावतात. नवे केस निर्माण होत नाहीत, आणि मूळचे टिकवायला औषध बहुधा चालूच ठेवावे लागते. रक्तबिंबिकांची इंजेक्शने (पीआरपी) महाग, पुरावा संमिश्र. बायोटिनच्या गोळ्या कमतरता नसेल तर निरुपयोगी.

भारताच्या औषध नियमांतील ‘अनुसूची जे’मध्ये टकलाचा समावेश आहे; ते बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही.