एकजुटीचा रोखा

एका कर्जरोख्यावर चौघांनीं सह्या कराव्या, तिघांनीं हात वर करावे आणि सावकारानें सगळी रक्कम चौथ्याकडून वसूल करावी, हा प्रकार रोमन कायद्यालाही ठाऊक होता. ‘सॉलिडॅरिटी’ या शब्दाचें मूळ तेथें आहे. मराठींत त्याला एकजूट म्हणतात. पण सभेंतील एकजूट निराळी, रोख्यावरची निराळी. राष्ट्राराष्ट्रांतील एकजूट यांपैकीं कोणती, हा प्रश्न युरोपांत न्यायासनापुढें आला.

९ मे १९५० रोजीं फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनीं फ्रान्स व जर्मनी यांचा कोळसा आणि पोलाद एका सामायिक सत्तेखालीं आणण्याची योजना मांडली. १९५१ च्या पॅरिसच्या तहावर सहा राष्ट्रांनीं सह्या केल्या. त्यांच्या या संघटनेंतूनच पुढें युरोपीय संघ उभा राहिला.

कसोटी लागली ती मात्र गाईंमुळें! दूध-लोणी फाजील झाल्यामुळें गाई कमी करणाऱ्या शेतकऱ्यांस पैसे देण्याचा नियम १९६९ सालीं झाला. आपल्या देशांत अन्नोत्पादन आधींच अपुरें, असें म्हणून इटलीनें टाळाटाळ केली. ७ फेब्रुवारी १९७३ रोजीं लक्झेंबर्गच्या न्यायासनानें तिला दोषी ठरविलें. सभासदत्वाचे लाभ घ्यावयाचे आणि स्वहिताच्या कल्पनेपायीं भार झुगारावयाचा, हा या व्यवस्थेच्या पायावरच घाव आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

पुढें माणसांची वांटणी करण्याची वेळ आली. इटली व ग्रीस येथील १,२०,००० निर्वासित इतर राष्ट्रांनीं घ्यावे, असें २०१५ सालीं ठरलें. पोलंड, हंगेरी व चेक प्रजासत्ताक यांनीं कानाडोळा केला. एप्रिल २०२० मध्यें तिघेही दोषी ठरले; परंतु तोंवर ठरावाची मुदतच संपली होती.

गंमत अशी कीं, हाच पोलंड दुसऱ्या दाव्यांत एकजुटीच्या नांवानें दाद मागत होता. जर्मनींतील ‘ओपल’ या नळमार्गाचा अधिक वापर करण्यास रशियाच्या गाझप्रॉम कंपनीला २०१६ सालीं युरोपीय आयोगानें मोकळीक दिली. त्यामुळें आपला वायुपुरवठा धोक्यांत येईल, ही पोलंडची तक्रार. एकजूट ही केवळ राजकीय कल्पना, असें जर्मनीचें म्हणणें. १५ जुलै २०२१ रोजीं न्यायासनानें तें फेटाळलें. एकाही राष्ट्राची हानि होतां कामा नये, असा याचा अर्थ नव्हे. पण निर्णयापूर्वीं ज्यांस झळ लागेल त्यांचें हित तोलून पाहिलेंच पाहिजे, असें त्यानें बजाविलें.