रिकॉन्फिगरेबल सरफेस: परिपूर्ण घटक आणि खरा डायोड

रिकॉन्फिगरेबल सरफेसवरचा पेपर उघडलात की थेट समीकरणांवर उडी मारू नका. आधी ‘सिस्टिम मॉडेल’मधली एक ओळ शोधा: प्रत्येक घटक हवी ती फेज देतो आणि आलेली सगळी ऊर्जा परत पाठवतो. असा घटक कुणीच बनवलेला नाही. मग ही ओळ आली कुठून?

१९६३ साली बेरी, मॅलेक आणि केनेडी यांनी रिफ्लेक्टअ‍ॅरे मांडला. एका टोकाला बंद असे वेव्हगाइडचे तुकडे. लांबी बदलली की परतणाऱ्या लहरीची फेज बदलते. पण एकदा बनवला की दिशा ठरली ती ठरली. ती वापरात असताना बदलायची, तर स्विच हवा. २०१४ मध्ये नानजिंगला त्सुई यांच्या गटाने घटकात डायोड बसवला. चालू किंवा बंद, ० किंवा १८० अंश. म्हणजे खरं हार्डवेअर एका बिटाचं होतं!

२०१९ मध्ये सिंगापूरला वू आणि झांग यांनी दाखवलं की घटक दुप्पट केले तर सरफेसवरून पोचणारी पॉवर चौपट होते. ती ओळ इथली. गणित सुटावं म्हणून घेतलेली, आणि त्यात गैर काही नाही. त्यांनीच पुढे मोजक्या फेजचाही हिशेब केला. एका बिटात फेजची चूक उणे ९० ते अधिक ९० अंशांत पसरते. तिच्या कोसाइनची सरासरी २/π, वर्ग केला की ०.४०५, म्हणजे ३.९ डेसिबलचा तोटा. दोन बिटांत तो ०.९ वर येतो. घटक भरपूर असले की हा तोटा तेवढाच राहतो, चौपटीचा नियम मोडत नाही. सुमारे ५७ टक्के घटक वाढवा, भरपाई झाली. कागदावर तरी, कारण जास्त घटक म्हणजे चॅनल मोजायला जास्त पायलट.

मला खरी गंमत वाटते ती २०२० च्या, अबेविक्रमा आणि सहकाऱ्यांच्या मॉडेलची. घटक रेझोनन्सजवळ आला की त्यातला विद्युतप्रवाह वाढतो आणि ऊर्जा रोधात जळते. म्हणजे फेज आणि अ‍ॅम्प्लिट्यूड एकमेकांना बांधलेल्या. बिट वाढवून हे सुटत नाही. कधी कधी मुद्दाम थोडी चुकीची फेज निवडली तरच सिग्नल जास्त पोचतो. परिपूर्ण घटक धरून लिहिलेल्या अल्गोरिदमला हे सुचणारच नाही. तुमच्या हातातल्या पेपरचा आलेख आता पुन्हा बघा: त्यात हा तोटा धरलाय का, आणि पायलटचा वेळ वजा केलाय का?