महाडची परिषद आणि फत्तेखानांची जमीन

जलसा म्हटला की मंडप, वक्ते आणि गर्दी लोकांच्या लक्षात राहते. जागा कोण देणार, पाणी कुठून येणार, हे ज्या बैठकांत ठरते त्यांची कुणी नोंद ठेवत नाही. आमचे मोरा बंदर ज्या कुलाबा जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यातल्या महाडच्या बाबतीत मात्र ती राहिली आहे.

रामचंद्र बाबाजी मोरे आणि सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून माणसे जोडली. १९ व २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली. चवदार तळे नगरपालिकेने १९२४ सालीच खुले केले होते. तरी प्रतिनिधींसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळ्यावर पाणी प्याल्यानंतर हल्ला झाला, तेव्हा काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला.

डिसेंबरच्या परिषदेला तर मंडपासाठी कुणी जागाच देईना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. इथे भाईचाऱ्याचे गोडवे गाण्याची घाई नको. गाव विरोधात असताना जमीन देणे म्हणजे शेजाऱ्यांशी रोजचा व्यवहार पणाला लावणे. वर्गात तळ्याची गोष्ट सांगताना आम्ही हे नाव फळ्यावर मुद्दाम लिहितो.

डॉ. आंबेडकर मुंबईहून बोटीने दासगावला उतरले. २५ डिसेंबरला त्याच मंडपापाशी मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर न्यायालयाचा मनाई हुकूम होता, म्हणून पाणी घेणे तहकूब झाले. फत्तेखानांच्या जमिनीवर तसा हुकूम नव्हता.