वृद्धापकाळाची पुंजी कोठे ठेवावी?

पैठणमध्ये हातमागावर पैठणी विणणारा कारागीर असो वा जायकवाडीच्या पाण्यावर ऊस पिकविणारा शेतकरी, त्यास निवृत्तिवेतन देणारा कोणी मालक नसतो. भविष्यनिर्वाह निधीही नसतो. म्हणून अशा कुटुंबांनी वृद्धापकाळाची तरतूद स्वतःच करावयाची असते. ती करताना प्रथम सुरक्षितता पाहावी, व्याजदर नंतर.

बँक की पतसंस्था?

बँकेतील ठेवींना ठेव विम्याचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदारास मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत हे संरक्षण मिळते. पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील ठेवी एकत्र मोजल्या जातात. नागरी सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे, पतसंस्थांना मात्र नाही. २०२३ साली छत्रपती संभाजीनगर येथील आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेतील गैरव्यवहाराचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा अनेकांच्या आयुष्यभराच्या ठेवी अडकल्या. अधिक व्याज देऊ करणाऱ्या ठिकाणी पैसे ठेवण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे.

तरुणपणी

ज्यांच्याजवळ खाते नाही, त्यांना जनधन योजनेखाली किमान शिलकीची अट नसलेले खाते उघडता येते. १८ ते ४० वर्षे वयाच्या, आयकर न भरणाऱ्या खातेदारास २०१५ साली सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत सहभागी होता येते. साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये मिळतात. ५,००० रुपयांसाठी अठराव्या वर्षी आरंभ करणाऱ्यास दरमहा २१० रुपये, तर चाळिसाव्या वर्षी आरंभ करणाऱ्यास १,४५४ रुपये भरावे लागतात. विलंबाची किंमत यावरून कळते.

साठीनंतर

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते टपाल कार्यालयात वा बँकेत उघडता येते. मुदत ५ वर्षांची असते, व्याज दर तिमाहीस मिळते आणि २०२३ पासून कमाल मर्यादा ३० लाख रुपये आहे.

एक आवश्यक काळजी

प्रत्येक खात्यास वारसाचे नामनिर्देशन करावे. पतिपत्नींनी संयुक्त खाते काढताना ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असणारा’ हा पर्याय निवडावा, म्हणजे एकाच्या पश्चात दुसऱ्याचा हात अडकत नाही. पासबुके व पावत्या कोठे ठेवल्या आहेत, हेही घरच्यांस सांगून ठेवावे.