बिनशाखेच्या बँकेचा परवाना

शाखा नसलेली बँक आधी टेलिफोनवर चालली. १ ऑक्टोबर १९८९ रोजी ब्रिटनच्या मिडलंड बँकेने लीड्स शहरातून 'फर्स्ट डायरेक्ट' सुरू केली. तो रविवार होता. इतर बँकांना कुलूप असताना या बँकेत फोन उचलायला माणूस होता, तोही चोवीस तास. पुढे ऑक्टोबर १९९५ मध्ये अमेरिकेत 'सिक्युरिटी फर्स्ट नेटवर्क बँक' उघडली. केवळ इंटरनेटवर चालणारी पहिली बँक म्हणून तिचे नाव घेतले जाते. पडद्यावरच्या अनोळखी बँकेत पैसे ठेवायला लोक धजावले, कारण तिच्या ठेवींना सरकारी विम्याचे संरक्षण होते. या बँकेचा व्यवसाय १९९८ मध्ये कॅनडाच्या रॉयल बँकेकडे गेला. त्याच वर्षी ब्रिटनच्या प्रुडेन्शियल विमा कंपनीने काढलेली 'एग' गाजली खरी, पण २०११ पर्यंत तिचेही भाग पाडून विकले गेले.

या पहिल्या पिढीच्या पाठीशी मोठी घराणी किंवा रीतसर परवाने होते. दुसरी पिढी २००८ च्या आर्थिक संकटानंतर, स्मार्टफोन हाती आल्यावर उभी राहिली. ब्रिटनने २०१३ मध्ये नव्या बँकांसाठी परवान्याची वाट सोपी केली आणि स्टार्लिंग, मॉन्झो यांसारख्या बँका पुढे आल्या. तरीही परवान्याला वेळ लागतो आणि भांडवल लागते. तोवर ग्राहक जमवायचे, तर दुसऱ्या कोणाच्या तरी परवान्यावर प्रीपेड कार्ड वाटायचे, हा मार्ग अनेकांनी धरला. मॉन्झोची सुरुवात अशीच झाली, रेव्होल्यूटचीही. ॲपवर नाव एकाचे आणि पैसे दुसऱ्याकडे, ही व्यवस्था ग्राहकाच्या क्वचितच लक्षात येई.

ती किती नाजूक आहे, हे जून २०२० मध्ये दिसले. जर्मनीच्या 'वायरकार्ड' कंपनीच्या हिशेबातले १.९ अब्ज युरो अस्तित्वातच नाहीत, असे उघड झाले आणि २५ जूनला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश नियामकाने तिच्या तिथल्या उपकंपनीचे काम थांबवले. या उपकंपनीच्या जोरावर चालणारी अनेक ॲप त्याक्षणी लंगडी पडली. दुकानात कार्ड चालेना, खात्यातली शिल्लक दिसे पण काढता येईना. काही दिवसांत निर्बंध उठले. बर्लिनची 'एन२६' २०१५ मध्ये याच समूहाच्या वायरकार्ड बँकेच्या आधाराने सुरू झाली होती. पण २०१६ मध्ये तिने स्वतःचा परवाना मिळवला होता आणि या पडझडीतून ती सुटली. तिची सारी प्रगती एका पारड्यात टाकली, तरी दुसऱ्या पारड्यातला हा एक निर्णय जड ठरेल.

अमेरिकेत २०२४ मध्ये याहून वाईट घडले. ॲप आणि बँका यांना जोडणारी 'सिनॅप्स' ही मध्यस्थ कंपनी बुडाली आणि हजारो लोकांचे पैसे महिनोन्महिने अडकले. न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्तांच्या अंदाजाने तूट साडेसहा ते साडेनऊ कोटी डॉलरच्या घरात होती. ठेव विमा बँक बुडाली तर मिळतो. मध्यस्थ बुडाला तर नाही. युरोपीय संघात परवानाधारक बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे १ लाख युरोपर्यंत हमी आहे. इलेक्ट्रॉनिक पैशाच्या परवान्यावर चालणाऱ्या कंपनीला ग्राहकांचे पैसे वेगळे ठेवावे लागतात, पण ही हमी तिथे लागू होत नाही.

परदेशी व्यवहारांच्या बाबतीत मात्र सर्वांत मोठा बदल बँक नसलेल्या कंपनीने घडवला. लंडनमध्ये राहणारे दोन एस्टोनियन मित्र होते. ताव्हेत हिनरिकुस यांना पगार युरोत मिळे आणि खर्च पौंडांत होई. क्रिस्तो कारमान यांना पगार पौंडांत मिळे, पण एस्टोनियातल्या घराचे कर्ज युरोत फेडायचे असे. बाजारातला मधला दर पाहून एकाने दुसऱ्याच्या ब्रिटनमधल्या खात्यात पौंड भरावेत, दुसऱ्याने पहिल्याच्या एस्टोनियातल्या खात्यात युरो. पैसा सीमा ओलांडतच नसे. यातून २०११ मध्ये 'ट्रान्सफरवाइज', म्हणजे आजची 'वाइज', उभी राहिली. पेशवाईतल्या सावकारांच्या हुंडीमागेही हाच हिशेब होता: रोकड जागच्या जागी, देणेघेणे कागदावर. बँका विनिमय दरात जो फरक लपवून घेत, तो या कंपनीने शुल्क म्हणून उघडपणे दाखवला.

तरी ॲप जगभर दिसले, म्हणून खाते जगभर टिकते असे नाही. ब्रेक्झिटनंतर एन२६ ने एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधली, तर जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतली खाती बंद केली. रेव्होल्यूटला लिथुआनियाचा बँक परवाना २०१८ मध्ये मिळाला. तिच्या मूळ गावी, ब्रिटनमध्ये, तो मर्यादित स्वरूपात मिळायला जुलै २०२४ उजाडावे लागले.

भारतात रिझर्व्ह बँकेने केवळ डिजिटल बँकेसाठी वेगळा परवाना ठेवलेला नाही. २०१६ मध्ये मुंबईत सुरू झालेली 'डिजीबँक' सिंगापूरच्या डीबीएस बँकेची शाखाविरहित सेवा होती. 'ज्युपिटर' आणि 'फाय' यांची बचत खाती फेडरल बँकेत उघडली गेली, म्हणून ५ लाख रुपयांपर्यंतचा ठेव विमा त्या बँकेच्या नावाने मिळतो. खाते ॲपमधून उघडलेले असो वा शाखेत, देश सोडताना नियम एकच: शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्याहून म्युनिकला राहायला जाणाऱ्याचे भारतातले साधे बचत खाते अनिवासी होताच 'एनआरओ' खात्यात बदलावे लागते. परदेशातली कमाई रुपयांत ठेवून पुन्हा बाहेर नेता यावी, यासाठी 'एनआरई' खाते वेगळे उघडावे लागते.