वापरणारे आणि घडवणारे
बर्लिनला जन्मलेल्या, बेळगावात शिकलेल्या अतुल चिटणीसांनी बंगळुरूला लिनक्सची गोडी लावली. 1996 मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत वाचकांना लिनक्सची सीडी मिळाली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. 2001 मध्ये ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद सुरू झाली. 2005 मध्ये तिचं नाव ‘फॉस डॉट इन’ झालं. गर्दी जमली, पण फुकट मिळालेलं वापरणारे जास्त, परत देणारे थोडे. म्हणून पुढे भाषणांच्या जोडीला ‘वर्कआउट’ आले: जाणकारांशेजारी बसायचं, प्रत्यक्ष कोड लिहायचा. चारचौघांत दाखवलेल्या कोडमधले दोष अनोळखी माणसंही दाखवतात. डेव्हलपर घडतो तो तिथेच. 2013 मध्ये चिटणीस गेले. त्यांचा आग्रह मात्र आजही लागू आहे: नुसतं घेऊ नका, भर घाला.