वाहनांतील चोरकप्पे व त्यांविषयीचे कायदे

तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेस पडू नये, अशा हेतूने वाहनाच्या मूळ बांधणीत फेरफार करून निर्माण केलेल्या बंदिस्त जागेस चोरकप्पा म्हणतात. बैठकीच्या गादीमागे, इंधनाच्या टाकीत, तळाच्या दुहेरी पत्र्यात किंवा दारांच्या पोकळीत अशी जागा केलेली आढळते. अलीकडचे काही कप्पे विजेच्या साहाय्याने चालतात व ठराविक बटणे ठराविक क्रमाने दाबल्याशिवाय उघडत नाहीत. अशा कप्प्यातून चोरटा माल नेणे हा सर्वत्र अपराध मानला जातो. तथापि कप्प्यात काहीही नसताना तो बाळगणे किंवा दुसऱ्यासाठी तयार करून देणे हाच अपराध ठरवावा काय, हा प्रश्न वेगळा असून व्यक्तिस्वातंत्र्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : या कायद्यांचे मूळ जहाजांवरील जकातीच्या बंदोबस्तात आहे. ब्रिटनमध्ये दुहेरी तळ, खोट्या भिंती किंवा गुप्त जागा असलेली जहाजे सरकारजमा करण्याची तरतूद १८७६ च्या जकात अधिनियमात होती. माल लपविण्यासाठी जहाजाची रचना केलेली असणे, एवढेच त्यासाठी पुरेसे होते. पुढे विमाने व वाहने यांनाही हे तत्त्व लागू झाले आणि १९७९ च्या सीमाशुल्क व उत्पादनशुल्क व्यवस्थापन अधिनियमात ते कायम राहिले. या तरतुदींचा रोख वस्तूवर होता. वाहन सरकारजमा होई. परंतु केवळ या तरतुदीमुळे मालकास कारावास होत नसे. शिवाय त्यांचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने बंदरे, विमानतळ व सीमा यांपुरते होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या दोन्ही मर्यादा ओलांडल्या गेल्या.

झडतीचा अधिकार : अमेरिकेच्या संविधानातील चौथ्या दुरुस्तीने (१७९१) अवाजवी झडतीपासून नागरिकांना संरक्षण दिले. दारूबंदीच्या काळात मोटारगाडीमुळे या संरक्षणाला नवे आव्हान मिळाले. डिसेंबर १९२१ मध्ये मिशिगन राज्यात अधिकाऱ्यांनी एक गाडी अडवून तिच्या बैठकीचे आच्छादन फाडले, तेव्हा आत दारूच्या ६८ बाटल्या सापडल्या. या कॅरोल खटल्यात (१९२५) सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की वाहन क्षणार्धात दूर जाऊ शकत असल्याने, संशयास सबळ कारण असेल तर न्यायालयाच्या अधिपत्राविना त्याची झडती घेता येते. न्यायमूर्ती मॅक्‌रेनल्ड्‌स व सदरलँड यांनी मात्र भिन्नमत नोंदविले. रॉस खटल्यात (१९८२) ही मुभा वाहनातील सर्व कप्पे व बंद पेट्या यांपर्यंत वाढविण्यात आली. सीमेवर तर सबळ कारणाचीही गरज उरली नाही. फ्लोरेस-मोंटानो खटल्यात (२००४) सीमेवरील अधिकाऱ्यांना विशिष्ट संशय नसतानाही इंधनाची टाकी उतरवून तपासता येते, असे न्यायालयाने एकमताने ठरविले. झडतीचा अधिकार असा विस्तारत गेल्यानंतरही रिकामा कप्पा सापडल्यास करावयाचे काय, हा प्रश्न शिल्लक राहिला व त्याचे उत्तर राज्यांनी नवे अपराध निर्माण करून दिले.

रिकाम्या कप्प्याचा अपराध : कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे मादक द्रव्ये लपविण्याच्या हेतूने चोरकप्पा बाळगणे व तसा कप्पा तयार करणे हे दोन्ही अपराध आहेत. इलिनॉयच्या कायद्यात वाहनातील कप्पा किंवा त्यातील वस्तू पोलिसांपासून लपविण्याचा हेतू असणे पुरेसे होते. ती वस्तू बेकायदेशीर असण्याची अट नव्हती. कार्पेंटर खटल्यात (२००८) त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरविली. कायदेशीर वस्तू इतरांच्या नजरेआड ठेवणाऱ्या निरपराध व्यक्तीही तिच्या कक्षेत येत असल्याने उचित कायदेशीर प्रक्रियेच्या हमीचा भंग होतो, असे न्यायालयाचे मत पडले. ओहायओ राज्याने २०१२ मध्ये केलेल्या कायद्यात मादक द्रव्यांच्या बेकायदेशीर वाहतुकीचा हेतू किंवा त्याची जाणीव ही अट घातली. मात्र प्रत्यक्ष द्रव्य सापडण्याची आवश्यकता ठेवली नाही. २०१३ मध्ये अतिवेगाबद्दल थांबविलेल्या एका गाडीतील कप्पा रिकामा असूनही चालकास अटक झाली. या घटनेवर देशभर टीका झाली. कारण वस्तूच सापडली नसेल, तर हेतू केवळ परिस्थितीवरून अनुमानाने ठरवावा लागतो.

कारागिराची जबाबदारी हा या विषयाचा दुसरा पैलू होय. कॅलिफोर्नियात गाड्यांमध्ये ध्वनियंत्रे बसविणाऱ्या एका कारागिराने गिऱ्हाइकांना चोरकप्पे करून दिले होते. त्या गिऱ्हाइकांच्या मादक द्रव्यांच्या व्यापारातील कटात सहभागी असल्याबद्दल त्याच्यावर कॅन्सस राज्यातील संघीय न्यायालयात खटला चालला व त्यास २४ वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. त्याने मादक द्रव्ये हाताळल्याचा आरोप नव्हता. परंतु बिघडलेला एक कप्पा उघडताना त्याला आत मोठी रोकड दिसली होती आणि तरीही त्याने काम चालू ठेवले, हे निर्णायक ठरले. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने ही शिक्षा कायम केली. कुलूप किंवा तिजोरी बनविणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या हेतूची चौकशी कितपत करावी, हा जुनाच प्रश्न या खटल्याने नव्याने पुढे आला.

भारतातील स्थिती : मुंबई व कोकण किनाऱ्यावर १९६० व १९७० च्या दशकांत सोन्याची चोरटी आयात मोठ्या प्रमाणावर होत असे. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ याच्या कलम ११५ नुसार माल लपविण्यासाठी बांधलेले किंवा फेरफार केलेले जहाज, विमान अथवा सीमाशुल्क क्षेत्रात आलेले वाहन सरकारजमा होऊ शकते. येथे ब्रिटिश कायद्याची परंपरा स्पष्ट दिसते. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ यात रिकाम्या कप्प्यासाठी वेगळे कलम नाही. मात्र मादक द्रव्य नेण्यासाठी वापरलेले वाहन कलम ६० खाली सरकारजमा होते. आपणास माहिती नव्हती व आपण वाजवी खबरदारी घेतली होती, हे मालकासच सिद्ध करावे लागते. कलम ३५ व ५४ यांतील गृहीतकांमुळे आरोपीवरही असाच भार पडतो. नूर आगा खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने ही गृहीतके वैध मानली. परंतु मूलभूत तथ्ये प्रथम सरकार पक्षानेच सिद्ध केली पाहिजेत, असे बजावले. बिश्वजित डे खटल्यात (२०२५) जप्त वाहन खटल्याच्या निकालापूर्वी मालकास तात्पुरते परत देण्यास या अधिनियमाची आडकाठी नाही, असा निर्णय झाला. कर्ज काढून घेतलेल्या मालमोटारीवर उपजीविका करणाऱ्या मालकाच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे.

मूल्यमापन : अपराध घडण्यापूर्वीच त्याचे साधन नष्ट करणे, हा या कायद्यांचा उद्देश समर्थनीय आहे. चोरकप्प्यांतून होणारा व्यापार समाजास घातक असून तो उघडकीस आणणे कठीण असते, हेही खरे. तथापि मौल्यवान वस्तू, रोकड वा खाजगी कागद चोरांपासून सुरक्षित ठेवण्यासाठीही माणसे गुप्त जागा करतात. पुट्टस्वामी खटल्यात (२०१७) भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. त्या हक्काचा संकोच करावयाचा, तर तो कायद्याने, न्याय्य उद्दिष्टासाठी व प्रमाणशीर असावा लागतो. या कसोटीवर केवळ लपविण्यास शिक्षा देणारा कायदा टिकणे कठीण आहे. बेकायदेशीर हेतू स्वतंत्र पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर ठेवणारा कायदा टिकू शकतो. रिकाम्या जागेवरूनच हेतूचे अनुमान करण्याची मुभा मिळाल्यास नागरिकास आपले निर्दोषत्व स्वतःच सिद्ध करावे लागेल. म्हणून हेतू कोणत्या पुराव्याने व कोणी सिद्ध करावयाचा, यावरच या कायद्यांची न्याय्यता अवलंबून आहे.